रिकाम्या रकान्याचा पत्ता

उपकेंद्राच्या टेबलावर गरोदर मातांचं जाडजूड रजिस्टर उघडून बसलात की पहिला तासभर भरलेले रकानेच दिसतात. नाव, वय, कितवी खेप, पाळीची शेवटची तारीख, वजन, हिमोग्लोबिन, रक्तदाब. दुसऱ्या तासाला नजर कोऱ्या जागांकडे वळते. एका बाईच्या तीन तपासण्या वेळच्या वेळी, सुवाच्य अक्षरात नोंदवलेल्या आहेत आणि पुढे काहीच नाही. बाळंतपण कुठं झालं, मूल किती वजनाचं, दोघं बरी आहेत का, सगळं कोरं. तुम्ही सिस्टरांना विचारता. त्या दुसऱ्या कागदावर लिहिता लिहिताच सांगतात, "थे तं कवाचीच माहेरी गेली ना."

या वाक्याचा अर्थ ज्याला पुरता कळला त्याची निम्मी इंटर्नशिप झाली, असं मला वाटतं. उरलेली निम्मी कशी करायची, त्यासाठी हा लेख.

राज्यात नवं शैक्षणिक धोरण आलं तसं २०२३-२४ पासून एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंग लागू झालं. चार श्रेयांक, म्हणजे १२० तास. मूर्तिजापूर, दर्यापूर, कारंजा या पट्ट्यातल्या मुलामुलींपुढे प्रश्न पडतो की एवढे तास घालवायचे कुठं? मग कुणी काकाच्या कृषी केंद्रातून, कुणी पतसंस्थेतून सही-शिक्का आणतं आणि तासांचा हिशेब कागदावर पुरा होतो. तालुक्याच्या गावात बसून रोज आकडे तयार करणारी एक अवाढव्य यंत्रणा आपल्या दारात आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. आशाताई, अंगणवाडीताई, आरोग्यसेविका, ग्रामपंचायत, उपजिल्हा रुग्णालय हे सगळे आई आणि मुलाबद्दल काही ना काही लिहीत असतात. लिहिलेलं परत वाचायला मात्र कुणाला सवड नसते. संख्याशास्त्र, गृहविज्ञान, भूगोल, समाजशास्त्र, समाजकार्य, संगणक यांतलं काहीही शिकत असाल तरी इथे तुमचा उपयोग आहे. अमेरिकेत संघराज्य सरकारचा माता-बाल आरोग्य विभाग पदव्युत्तर विद्यार्थ्यांना राज्यांच्या आरोग्य खात्यांत मुद्दाम आकडेवारीच्या कामावर पाठवत आला आहे. आपल्याकडे तशी सरळ वाट नाही. ती अर्ज करून, चार वेळा खेटे घालून स्वतः पाडावी लागते.

अर्ज कुणाकडे, हेही आधी समजून घ्या. निम्मे विद्यार्थी इथेच अडकतात. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणजे अकोल्याच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतली. तालुक्यात त्यांचे तालुका आरोग्य अधिकारी. मूर्तिजापूरचं उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येतं. अंगणवाड्या तिसऱ्याच घरच्या: महिला व बालविकास विभाग, आणि तालुक्यात बालविकास प्रकल्प अधिकारी. एका दाराची परवानगी दुसऱ्या दारात चालत नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, त्यात नेमका विषय, नेमक्या तारखा, आणि 'कोणत्याही लाभार्थीचं नाव, मोबाईल वा आधार क्रमांक कार्यालयाबाहेर नेणार नाही' हे एक वाक्य स्पष्ट लिहा. या वाक्याने अधिकाऱ्याची निम्मी धास्ती कमी होते. पत्राची एक प्रत हाती ठेवून पोच घ्या. आणि 'माता व बाल आरोग्याचा अभ्यास' असा विषय देऊ नका. तो विषय नव्हे, तो महासागर आहे. 'एका उपकेंद्राच्या क्षेत्रात बारा आठवड्यांच्या आत नोंदणी न झालेल्या माता: नोंदींवरून दिसणारी कारणं' हा विषय आहे.

वेळ साधा. दुसरं सत्र जानेवारीत सुरू होतं आणि मार्च हा वर्षअखेरीचा महिना. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तालुका कार्यालयात गेलात तर खुर्चीसुद्धा कुणी देणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. दर महिन्याचे पहिले काही दिवसही मासिक अहवालाचे. उलट ९ तारखेला जरूर जा. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदर मातांची तपासणी असते. त्या सकाळी रजिस्टर भरताना पाहिलं तर कोणता रकाना घाईत भरला जातो, कोणता विचारून आणि कोणता मागच्या पानावरून, हे डोळ्यांनी दिसतं. एप्रिल लागला की वऱ्हाडातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहेच. गावातलं काम सकाळी अकराच्या आत उरका.

पहिले आठ दिवस संगणक उघडूच नका. एका आकड्याचा जन्म कुठं होतो ते बघा. आशाताईच्या वहीतून माहिती सिस्टरांच्या रजिस्टरात येते, तिथून आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टलवर एकेका मातेची नोंद चढते आणि वेगळ्या वाटेने एचएमआयएस या आरोग्य माहिती प्रणालीत महिन्याची बेरीज जाते. अंगणवाडीत मुलाचं वजन-उंची मोजली की ती पोषण ट्रॅकरवर जाते. हे अ‍ॅप मार्च २०२१ मध्ये आलं. ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने होते, २१ दिवसांच्या आत. म्हणजे एकाच मुलाच्या जन्माचे तीन कागद तीन ठिकाणी तयार होतात आणि ते तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. तीन उपकेंद्रं फिरून, प्रत्येक ठिकाणी 'हा आकडा तुमच्याकडे कुणाकडून येतो आणि तुमच्याकडून कुणाकडे जातो' एवढंच विचारून एक नकाशा काढा. मला विचाराल तर अहवालातलं सर्वांत मोलाचं पान तेच.

आता माहेराकडे येऊ.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक निघते आणि बाळंत झाल्यावर सव्वा महिना, पुष्कळदा तीन महिने, तिकडेच राहते. हे रजिस्टरावर काय करतं ते पाहा. मातामृत्यूची व्याख्या गरोदरपणात किंवा प्रसूतीनंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने आलेला मृत्यू अशी आहे. आशाताईने नवजात बाळाच्या घरी जायचे दिवसही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीची भेट वेगळी. सव्वा महिना आणि ४२ दिवस हे जवळपास एकच माप आहे. सरकारला ज्या काळात आई-बाळावर सर्वांत जास्त नजर ठेवायची आहे, नेमक्या त्याच काळात ती ज्या गावात नोंदली गेली तिथे नसते. मूर्तिजापूर तालुक्यातल्या सुनेचं माहेर वाशीम जिल्ह्यात, मेहकरकडे, नाहीतर थेट सुरतेला कामाला गेलेल्या भावाकडे असू शकतं.

त्यातून नावाची गंमत. लग्नानंतर मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं आणि काही घरांत पहिलं नावही बदलतात. आधार कार्डावर अजून माहेरचंच नाव असतं. मग सासरच्या यादीत बाळंतपण न झालेली एक गरोदर बाई उरते, आणि माहेरच्या यादीत एकही तपासणी न झालेली एक बाळंतीण उगवते. दोन्ही नोंदी चुकीच्या दिसतात. बाई एकच आहे आणि तिच्याबाबतीत कदाचित सगळं वेळच्या वेळी झालेलं आहे. जिल्ह्याच्या बैठकीत मात्र एका सिस्टरांना 'पाठपुरावा नाही' म्हणून आणि दुसऱ्यांना 'नोंदणी उशिरा' म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. बाबांचा जन्म १८७६ चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील लवकर वारले आणि आई त्यांना घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. आजच्या रजिस्टराच्या भाषेत हे मूल शेंडगावच्या यादीत 'स्थलांतरित' म्हणून कटलं असतं आणि दापुऱ्याच्या यादीत चढेपर्यंत कुठल्याच यादीत नसतं.

म्हणून दोन याद्या जुळवायच्या झाल्या तर नावावर विसंबू नका. आरसीएच क्रमांक असेल तर उत्तम. नसेल तर नवऱ्याचं पहिलं नाव, बाईचं वय, प्रसूतीची अपेक्षित तारीख दहा-पंधरा दिवसांच्या फरकाने, कितवी खेप, अशा तीन-चार खुणा एकत्र जुळतात का बघा. इंग्रजीत टंकलेल्या नावांत 'वैशाली' चार प्रकारे लिहिलेली सापडेल. जुन्या फायली कृतिदेव फॉन्टमध्ये असल्या तर आधी त्या युनिकोडमध्ये आणा; नाहीतर डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं संगणकाला वेगळी वाटतात. तारखांचं तर विचारूच नका. एक्सेलची मांडणी अमेरिकी पद्धतीची असली की ५ एप्रिलचा ४ मे होतो आणि बारा आठवड्यांत नोंदलेली बाई उगाच उशीरवाली ठरते. मी स्वतः एकदा एका विद्यार्थिनीसोबत दोन दिवस 'उशिरा नोंदणी'ची कारणं शोधत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी दिवस-महिना उलटा झाल्याचं तिच्याच लक्षात आलं. तेव्हापासून मी आधी तारखांचा रकाना तपासतो. १२ पेक्षा मोठा दिवस एकाही ओळीत नसेल, किंवा १२ पुढचे सगळे दिवस मजकूर म्हणून डावीकडे सरकलेले असतील, तर चोर सापडला.

पाळीची तारीखही एक वेगळं प्रकरण आहे. बाई तारीख सांगत नाही, सण सांगते: पोळ्याच्या मागंपुढं, महालक्ष्म्या बसल्या त्याच्या आधी. अनुभवी सिस्टर दिनदर्शिका समोर धरून त्यावरून तारीख काढतात, आणि ती बहुधा पुरेशी बरोबर असते. पण यादीत १, १५ आणि ३० या तारखा फारच वारंवार दिसल्या तर अंदाज कुठं संपतो आणि उरकणं कुठं सुरू होतं याचा माग लागतो.

असाच ढीग जन्मवजनात दिसतो. एखाद्या वर्षाची सगळी वजनं घ्या आणि शंभर-शंभर ग्रॅमचे गट करून साधा स्तंभालेख काढा. अडीच आणि तीन किलोवर मनोरे उभे राहिले तर समजा की काट्यापेक्षा डोळ्याने जास्त मोजलं गेलंय. अडीचचा मनोरा साधा नाही. कमी वजनाचं बाळ म्हणजे २,५०० ग्रॅमपेक्षा कमी. नेमकं २,५०० लिहिलं की बाळ त्या यादीतून बाहेर. दोन किलो चारशेचं बाळ गोळाबेरजेत अडीचचं झालं तर कागदावर शंभर ग्रॅमच वाढले. प्रत्यक्षात त्या घराकडे द्यायचं जादा लक्ष गेलं. असा मनोरा दिसला म्हणून लगेच कुणावर बोट ठेवू नका. काटा कोणता आहे ते बघा, त्यावरच्या रेघा किती किती अंतरावर आहेत, वजन खोलीत घेतलं की फोनवरून कळवलेलं लिहिलं, हे विचारा. एका जागी काटाच अर्ध्या किलोच्या खुणांचा निघाला तर तुमचा सगळा स्तंभालेख एका ओळीच्या मागणीपत्रात संपतो: डिजिटल काटा द्या. याहून चांगला निष्कर्ष इंटर्नशिपमधून क्वचितच निघतो.

टक्केवारी काढण्याआधी छेद पाहायची सवय लावून घ्या. एचएमआयएसमध्ये प्रसूती जिथे झाली तिथे मोजली जाते. बाई कुठली हे तिथे गौण. मूर्तिजापूरच्या आसपासच्या कितीतरी बायका अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात नाहीतर अमरावतीला बाळंत होतात. मग गावाकडच्या केंद्राचं काम कमी भासतं आणि शहरातला आकडा अपेक्षेच्या शंभर टक्क्यांवर जातो. आणि 'अपेक्षा' तरी कशावरून? २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, म्हणून अपेक्षित मातांचा अंदाज २०११ च्या लोकसंख्येला पुढे ढकलून काढलेला असतो. ज्या गावातली तरुण माणसं पुण्याला गेली, तिथे तो अंदाज वर्षानुवर्षं फुगलेला राहतो आणि त्या गावची आशाताई वर्षानुवर्षं 'उद्दिष्टापेक्षा कमी' ठरते.

छोट्या आकड्यांचा मोह तर फार वाईट. समजा तीस हजार लोकसंख्येचं आरोग्य केंद्र आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार राज्याचा जन्मदर हजारी १५. म्हणजे वर्षाला साधारण ४५० जन्म. २०१८-२० मधलं महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ३३ होतं. या हिशेबाने त्या केंद्रात सहा-सात वर्षांतून एक मातामृत्यू अपेक्षित. एखाद्या वर्षी एक झाला की लाखामागचं प्रमाण एकदम २२२ होतं आणि पुढच्या वर्षी शून्य. हे दर अहवालात लिहू नका. तिथे दर काढून काहीच कळत नाही. एक मृत्यू म्हणजे एक गोष्ट असते: त्रास कधी सुरू झाला, गाडी कधी आली, कोणत्या दवाखान्यातून कोणत्या दवाखान्यात पाठवलं, रक्त कुठे मिळालं नाही. ती गोष्ट तपासायला मातामृत्यू अन्वेषणाची वेगळी समिती असते आणि तुम्ही तिथे नाक खुपसायचं नाही.

दोन सरकारी आकडे भांडताना दिसले तर घाबरू नका. राज्याचा अर्भकमृत्युदर नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली हजारी १६ आहे, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २३.२. विद्यार्थी विचारतात, खरा कोणता? पहिला आकडा एका वर्षाचा, ठरलेल्या गावांत आणि वस्त्यांत सतत नोंद ठेवून काढलेला. दुसरा आयांना त्यांच्या बाळंतपणांचा इतिहास विचारून काढलेला, पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांचा. तो मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली गोळा झाला. काळ वेगळा, रीत वेगळी, नमुन्यातली चूक वेगळी. अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांची स्वतंत्र पत्रकं त्या पाहणीत आहेत आणि फुकट मिळतात. गावात जाण्याआधी ती वाचून जा, म्हणजे समोरच्या रजिस्टरातलं काय नवल करण्यासारखं आहे ते ओळखता येईल.

आकडा अचानक पडला तर दिनदर्शिका आठवा. ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत राज्यातल्या अंगणवाडीताई संपावर होत्या. त्याच हिवाळ्यात आशाताईंचाही संप झाला. त्या महिन्यांत वजनं घेतलेली मुलं कमी दिसली तर 'कुपोषणाच्या नोंदीत घट' असं लिहिणारा विद्यार्थी हमखास निघतो. ऑगस्ट २०२१ मध्ये अंगणवाडीताईंनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, कारण ते चालत नव्हते आणि पोषण ट्रॅकर अ‍ॅप मराठीत नव्हतं. त्या काळातला आकडा वाचताना हेही सोबत ठेवा. तसंच सोयाबीनच्या सोंगणीला मेळघाटातून उतरणारी कुटुंबं, वीटभट्ट्यांवर राहणारी कुटुंबं. त्यांची मुलं धारणी-चिखलदऱ्याच्या यादीत असतात आणि उन्हात आपल्या शिवारात खेळत असतात.

एक विषय मात्र दर वर्षी येतो आणि मी दर वर्षी नको म्हणतो: खारपाणपट्ट्यातलं पाणी आणि गरोदरपणातला रक्तदाब. विषय महत्त्वाचा आहे, आपल्या तालुक्याच्या जिव्हाळ्याचा आहे. पण कोणतं घर कोणतं पाणी किती वर्षं पितं हे रजिस्टरात नसतं. १२० तासांत दोन नकाशे एकमेकांवर ठेवून 'संबंध आढळला' असं लिहिणं हे त्या विषयाचंच नुकसान आहे. पुढे पीएच.डी.ला घ्या, वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामाजिक वैद्यकशास्त्र विभागासोबत घ्या.

गुपिताबद्दल जरा कडकच बोलतो. रजिस्टराच्या पानाचा फोटो काढायचा नाही. 'फक्त माझ्यापुरता' सुद्धा नाही. याद्यांचं काम कार्यालयातल्याच संगणकावर करा; नाव आणि फोनचे रकाने तिथल्याच कर्मचाऱ्याकडून काढून घेतल्यानंतरच फाईल पुढे वापरा. गावाचं नाव तरी ठेवू का, असं विचारतात. दीड हजार वस्तीच्या गावात 'पस्तिशीतली, चौथी खेप, मृत मूल' एवढं लिहिलं की नावाची गरज उरत नाही. पारावर बसलेला माणूसही ओळखतो. विदर्भात सिकलसेलची तपासणी गरोदरपणात होते. त्या रकान्यातलं एक अक्षर बाहेर फुटलं तर त्या घरातल्या धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडू शकतं. एचआयव्ही, गर्भपात, अठराच्या आतली आई, हे रकाने तुमच्या अभ्यासाला लागत नसतील तर मागूच नका. अल्पवयीन मातेची नोंद दिसलीच तर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घाला आणि तिथेच थांबा; त्यावर कायद्याने काय करायचं ते त्यांना बंधनकारक आहे. गावात चर्चा करणं किंवा अहवालात 'उदाहरण' म्हणून वापरणं हा गुन्हाच समजा.

आणि तपासणीला आल्यासारखे जाऊ नका. आशाताईच्या मानधनाचा काही भाग कामागणिक ठरतो; काही रकाने तिच्यासाठी थेट पैशांचे रकाने आहेत. 'ही भेट खरंच दिली का?' हा तुमच्या दृष्टीने माहितीच्या गुणवत्तेचा प्रश्न असतो, तिच्या कानाला तो चोरीचा आळ वाटतो. त्याऐवजी तिच्यासोबत एक सकाळ चाला. बाळाचं तापमान कसं घेतात, श्वास कसे मोजतात, फॉर्म कुठं भरतात, हे सगळं ती न विचारता दाखवते. ही घरी जाण्याची पद्धतच मुळात आपल्या विदर्भातून देशभर गेली. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. हे सांगता आलं, कारण त्या गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला गेला होता. जन्मल्याबरोबर गेलेलं मूल 'मेलेलंच जन्मलं' म्हणून नोंदीतून निसटू नये यासाठी वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी तीच माहिती पुन्हा गोळा केली होती. २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालातही स्वयंसेवी संस्थांनी मोजलेले बालमृत्यू आणि सरकारी कागदावरचे बालमृत्यू यांतली दरी पुढे आली. तुमच्या १२० तासांत एका उपकेंद्राचे एका वर्षाचे जन्म तीन ठिकाणच्या नोंदींत जुळवून बघितलेत, तर तुम्ही त्याच जातीचं काम करता आहात, लहान मापात.

ज्यांना पुढे या क्षेत्रातच राहायचं आहे त्यांनी नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन, बेळगावचं केएलईचं वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आणि त्याचं वढूचं केंद्र, सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, मेळघाटात उतावलीची 'महान' या ठिकाणांची कामं वाचून ठेवावीत. नागपूर आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणी गरोदर मातांची गावोगाव नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय नोंदवही अनेक वर्षं चालली. माहेर-सासरचा गोंधळ त्यांनी कसा सोडवला हे समजून घेण्यासारखं आहे. शिक्षण संपलेल्यांसाठी २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, पदवीधरांना महिना दहा हजार विद्यावेतनाची. सरकारी कार्यालयात त्यातून जागा मिळू शकते. शिकत असलेल्यांना ती लागू नाही.

राहिला अहवाल. महाविद्यालयाला लागणारा साठ पानी, सोनेरी अक्षरांचा, स्पायरल नाहीतर पुठ्ठ्याचा, तो करा. गुण त्याचेच मिळतात. पण आरोग्य केंद्राला एक पान मराठीत द्या. वर काय पाहिलं, मध्ये दोन-तीन गोष्टी ज्या त्यांच्या हातात आहेत, खाली एक गोष्ट जी वरून यायला हवी. 'जनजागृतीची गरज आहे' हे वाक्य त्यात नको. 'माहेरी जाणाऱ्या मातेच्या कार्डावर माहेरच्या गावाचं आणि तिथल्या आशाताईचं नाव सातव्या महिन्यातच लिहून घेतलं तर वर्षाकाठी एवढे रकाने भरतील' हे चालेल, आणि 'एवढे' या जागी तुम्ही मोजलेला आकडा हवा.

शेवटच्या दिवशी सिस्टरांना तुमच्या यादीतल्या कोऱ्या ओळी दाखवा. फोन त्यांनाच करू द्या. बाईचा नंबर तुमच्याकडे नसायलाच हवा. पलीकडून कुणाची तरी आई फोन उचलते, मागे बाळ रडतं, सिस्टर 'किती किलोचं झालतं व माय' असं विचारतात आणि खांद्याने फोन दाबून धरत पेनाचं टोपण दातांनी काढतात. रजिस्टर त्यांच्याकडे सरकवून द्या. त्या रकान्यात तुमचं अक्षर नको.